एआरएमच्या चाळिशीत रास्पबेरी पाय ४००: एका कीबोर्डाचे परीक्षण

२६ एप्रिल १९८५ रोजी इंग्लंडमधल्या केंब्रिज येथे एकॉर्न कॉम्प्युटर्स या कंपनीत एक नवी चिप पहिल्यांदा चालली. बीबीसी मायक्रो नावाच्या संगणकाला ती बाहेरून जोडलेली होती, तिच्यावर प्रोग्राम लिहिण्याची बेसिक भाषा चढवलेली होती आणि तिला दिलेली आज्ञा अगदी साधी होती: प्रिंट पाय. पडद्यावर पायची, म्हणजे गणितातल्या π ची, बरोबर किंमत उमटली आणि शॅम्पेनच्या बाटल्या उघडल्या गेल्या. त्या चिपचे नाव एआरएम-१. २०२५ मध्ये या घटनेला ४० वर्षे पूर्ण झाली. मधल्या काळात त्या घराण्यातल्या २५,००० कोटींहून अधिक चिप्स जगभर गेल्या आहेत, आणि हा मजकूर आपण मोबाइलवर वाचत असाल तर तोही जवळजवळ नक्कीच त्याच घराण्यातल्या एखाद्या चिपच्या कृपेने वाचत आहात.

या निमित्ताने ज्या यंत्राचे परीक्षण लिहावेसे वाटले ते रास्पबेरी पाय ४००. चार वर्षे ते माझ्या टेबलावर आहे. दिसायला तो निव्वळ एक पांढरा कीबोर्ड आहे, पण संपूर्ण संगणक त्याच्या पोटात आहे. २ नोव्हेंबर २०२० रोजी तो बाजारात आला तेव्हा नुसत्या यंत्राची किंमत ७० डॉलर होती, आणि माउस, वीजजोडणी, मॉनिटरची तार, मेमरी कार्ड व नवशिक्यांसाठीचे छापील पुस्तक असा संपूर्ण संच १०० डॉलरना मिळत होता. आत १.८ गिगाहर्ट्झ वेगाचा चार गाभ्यांचा (कोरचा) प्रोसेसर आणि ४ जीबी मेमरी आहे. पंखा नाही. उष्णता वाहून नेण्यासाठी कीबोर्डाखाली धातूचा जाड पत्रा बसवलेला असल्यामुळे काम कितीही चालले तरी आवाज होत नाही. मागच्या बाजूला मॉनिटरसाठी दोन सूक्ष्म एचडीएमआय खाचा, यूएसबीच्या तीन, नेटवर्कच्या तारेची एक, आणि ४० पिनांची ती प्रसिद्ध ओळ, जिला दिवे, मोटारी किंवा संवेदक जोडून आपल्या प्रोग्रामने चालवता येतात.

रास्पबेरी पाय कंपनीनेच डिसेंबर २०२४ मध्ये याच घाटाचा, पण बराच वेगवान रास्पबेरी पाय ५०० आणला आहे. मग जुन्या यंत्रावर लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. कारण तांत्रिक आहे आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचेही. पण ते समजण्यासाठी एआरएम-१ची जन्मकथा आधी सांगावी लागेल.

एकॉर्न ही कंपनी बीबीसी मायक्रोमुळे नावारूपाला आली. ब्रिटिश जनतेला संगणक शिकवावा म्हणून बीबीसीने जो साक्षरता प्रकल्प हाती घेतला, त्यासाठी १९८१च्या डिसेंबरात हे यंत्र आले. २ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, मोठ्या प्रकारात ३२ केबी मेमरी आणि लवकरच ३९९ पौंडांवर गेलेली किंमत, असा तो ऐवज होता. सुमारे १२,००० यंत्रे खपतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात १५ लाखांहून अधिक खपली. ते चालू केले की क्षणात एक लहानसा आवाज येई, पडद्यावर दोन-तीन ओळी उमटत आणि त्यांच्याखाली एक कोनाकृती चिन्ह वाट पाहत राही. बटणे, चित्रे किंवा सूचना असे तिथे काही नसे. पुढे काय घडावे हे वापरणाऱ्याने लिहायचे असे, आणि ज्या भाषेत लिहायचे ती बीबीसी बेसिक भाषा सोफी विल्सन यांनी रचली होती.

पुढच्या संगणकासाठी कोणता प्रोसेसर घ्यावा, या शोधात एकॉर्नने बाजारातल्या चिप्स तपासल्या आणि एकही मनास आली नाही. त्याच सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून थोड्या व साध्या आज्ञांच्या (‘रिस्क’ पद्धतीच्या) प्रोसेसरविषयीचे शोधनिबंध येत होते. शिवाय विल्सन आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फर्बर हे दोघे ॲरिझोनातल्या वेस्टर्न डिझाइन सेंटरला जाऊन आले होते. बीबीसी मायक्रोच्या प्रोसेसरची पुढची पिढी तिथे तयार होत होती, आणि ती करणारी माणसे मोजकी व जागा घरासारखी साधी होती. ते पाहून परतताना दोघांची खात्री पटली की हे काम आपल्यालाही जमेल. विल्सन यांनी आज्ञासंच, म्हणजे चिपला कळणाऱ्या आज्ञांची यादी, आखला, फर्बर यांनी चिपची अंतर्गत रचना केली, आणि चिप प्रत्यक्ष घडण्यापूर्वी तिचे वागणे कसे असेल याची तालीम बीबीसी बेसिकमध्येच प्रोग्राम लिहून करण्यात आली. एकॉर्नचे संस्थापक हर्मन हाउझर पुढे सांगत की, या गटाला मी अशा दोन गोष्टी दिल्या ज्या मोठ्या कंपन्या आपल्या अभियंत्यांना कधीच देऊ शकल्या नाहीत: पैसे नसणे आणि माणसे नसणे.

हे वाक्य अनेकदा चमकदार उक्ती म्हणून सांगितले जाते, पण त्यातला तपशील शब्दशः खरा आहे आणि चिपमध्ये तो जागोजागी दिसतो. एआरएम-१मध्ये सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म स्विच, होते. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ८०३८६ मध्ये २,७५,००० होते, म्हणजे अकरापट. एकॉर्नला चिप महागड्या सिरॅमिकच्या ऐवजी स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवायची होती, आणि प्लास्टिकला एक वॅटपेक्षा जास्त उष्णता सोसली नसती. वीज किती लागेल याचा नेमका हिशेब मांडणारी साधने हाताशी नव्हती; म्हणून सगळीकडे हात राखून काम केले गेले आणि तयार चिप एक वॅटच्या दहाव्या हिश्श्यावर चालली.

या हात राखण्याचा परिणाम किती टोकाचा झाला होता, हे फर्बर यांनी सांगितलेल्या एका प्रसंगातून कळते. चाचणीच्या वेळी त्यांनी चिपच्या वीजपुरवठ्याच्या मार्गात मापक जोडला, तर काटा शून्यावर. चिप तर व्यवस्थित काम करत होती. शोध घेतल्यावर कळले की चिप बसवलेल्या पाटीवर (सर्किट बोर्डवर) वीजपुरवठ्याची जोडणीच झालेली नव्हती. शेजारच्या मंडलांकडून येणाऱ्या संकेतांच्या तारांमधून, संरक्षणासाठी बसवलेल्या डायोडांवाटे जी थोडीशी वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर तो प्रोसेसर आपले काम करत होता. संगणकाच्या इतिहासातल्या अनेक गोष्टी मी वाचल्या आहेत. इतकी मनात घर करून राहिलेली दुसरी नाही. मोबाइलचा जमाना यायला दहा-बारा वर्षे होती आणि बॅटरीवर चालणारे यंत्र करायचे असे या गटाच्या डोक्यातही नव्हते. हातातले थोडके नीट पुरवून वापरायचे एवढ्याच गरजेतून असा गुण निपजला, ज्याची किंमत जगाला नंतर कळली.

रास्पबेरी पाय ४००ची पारख करताना मी हाच निकष लावते: हे यंत्र थोडक्यात किती भागवते, आणि थोडक्यात भागवणे शिकवते का?

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी त्यात नेहमीच्या कार्डाऐवजी रिस्क ओएसचे कार्ड घालून पाहावे. एकॉर्नच्या आर्किमिडीज या संगणकाबरोबर १९८७ मध्ये आर्थर नावाची जी ऑपरेटिंग सिस्टीम आली, तिचाच पुढचा अवतार म्हणजे रिस्क ओएस. २०१८ मध्ये तिचा स्रोत, म्हणजे मूळ प्रोग्रामचा मजकूर, सर्वांसाठी खुला झाला आणि काही मोजके लोक आजही ती जतन करून वाढवत आहेत. पाय ४०० वर ती काही सेकंदांत उभी राहते. तिची वागणूक अंगवळणी पडायला वेळ लागतो: खिडक्यांच्या वर मेनूची पट्टी नसते, माउसचे मधले बटण, म्हणजे संचातल्या माउसचे चाक, दाबले की जिथे बाण असेल तिथेच मेनू उघडतो, आणि फाइल जतन करायची म्हणजे तिचे चित्र उचलून हव्या त्या कप्प्यात नेऊन टाकायचे. पहिले दोन दिवस हे विचित्र वाटते. आठवड्याने इतर ठिकाणी मेनूसाठी पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत जाणे विचित्र वाटू लागते.

मागच्या सुटीत माझी अकरा वर्षांची भाची राहायला आली होती, तेव्हा मी तिला या यंत्रासमोर बसवले. आज्ञांची ओळ उघडून ‘बेसिक’ असे टाकले. भाषेची आवृत्ती व शिल्लक मेमरी सांगणाऱ्या ओळी उमटल्या आणि त्यांच्याखाली तेच कोनाकृती चिन्ह आले, जे १९८१ मध्ये येत असे. ती थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मावशी, हे काही दाखवतच नाहीये.”

“तू सांगशील ते दाखवेल,” मी म्हटले.

मी तिला पहिली आज्ञा सांगितली ती अर्थात प्रिंट पाय. ३.१४१५९२६५ असे उत्तर आले. मग वर्तुळ काढायची आज्ञा दिली. बीबीसी मायक्रोच्या काळातल्या पुस्तकांत पडद्याचा मध्य नेहमी ६४०, ५१२ असा धरलेला असतो, कारण तेव्हा पडदा कुठल्याही प्रकारचा असला तरी त्याची मापे १२८० बाय १०२४ अशी कल्पिलेली असत. आम्ही तेच आकडे देऊन ३०० त्रिज्येचे वर्तुळ काढले. वर्तुळ आले, पण पडद्याच्या खालच्या डाव्या भागात. भाचीला वाटले आपले काहीतरी चुकले. खरे तर चूक कोणाचीच नव्हती. मधल्या काळात पडदा वाढला होता आणि मोजायची पट्टी मात्र जुनीच राहिली होती. आजच्या १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर एका ठिपक्याला या पट्टीची दोन एकके येतात, म्हणजे पडदा ३८४० बाय २१६० एककांचा होतो आणि त्याचा मध्य १९२०, १०८०. हे तिने वहीवर आलेख काढून, शून्याचा कोपरा खाली डावीकडे धरून, स्वतः शोधले. जुना मध्य जिथे पडला होता तो बिंदू तिने वहीत मुद्दाम वेगळ्या रंगाने दाखवला. त्यानंतर त्रिज्या वीस-वीसने वाढवत नेणारे तीन ओळींचे आवर्तन तिने लिहिले, पडदाभर पाण्यातल्या तरंगांसारखी वर्तुळे उमटली, आणि जेवायला हाका मारून मी थकले.

इथे यंत्राने तिला काहीही आयते दिले नव्हते. तिच्यात आणि चिपमध्ये फार थोडे अंतर होते, एवढेच त्याचे श्रेय. हे अंतर आणखी कमी करता येते, कारण या बेसिकच्या आतच एआरएमची यंत्रभाषा लिहिण्याची सोय आहे. माझे आवडते उदाहरण एका ओळीचे आहे. एखाद्या संख्येला पाचने गुणायचे असेल तर गुणाकाराची आज्ञा लागत नाही. ‘त्या संख्येत तिचीच दोन घरे डावीकडे सरकवलेली प्रत मिळव’ असे एकाच आज्ञेत सांगता येते. दोन घरे सरकवणे म्हणजे चौपट, त्यात मूळ संख्या मिळवली की पाचपट. एआरएम-१मध्ये गुणाकाराची आज्ञाच नव्हती, पण बेरीज करतानाच संख्या सरकवून घेण्याची ही सोय पहिल्या दिवसापासून होती. पंचवीस हजार ट्रान्झिस्टरांत संसार कसा थाटला असेल, ते या एका ओळीत दिसते, आणि ती ओळ चाळीस वर्षांनी माझ्या टेबलावर जशीच्या तशी चालते.

आता मर्यादा. रिस्क ओएस चार गाभ्यांपैकी एकच वापरते. तिच्यात प्रोग्रामांनी आपण होऊन एकमेकांना पाळी द्यायची असते. एखादा अडून बसला तर सगळे यंत्र थांबते. आजची बहुतेक संकेतस्थळे तिच्यावर नीट चालत नाहीत. देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्याची सोय नसल्यामुळे मराठी लेखनासाठी ती निरुपयोगी आहे, आणि मला ही उणीव सर्वांत जास्त जाणवते. रोजच्या कामासाठी मी लिनक्सवर आधारलेली, या यंत्राबरोबर मिळणारी रास्पबेरी पाय ओएस वापरते. तिथे देवनागरी फॉन्ट बसवता येतात, मराठी कळफलक निवडता येतो, पत्रव्यवहार, हिशेब, लेखन व वाचन ही कामे होतात, आणि मुलांसाठी स्क्रॅच व पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा आहेतच. (यंत्राच्या नावातला ‘पाय’ या पायथनवरून आला आहे, १९८५ च्या त्या पहिल्या आज्ञेशी त्याचा संबंध नाही, तरी योग मोठा सुंदर आहे.) एकाच वेळी वीस-पंचवीस संकेतस्थळे उघडी ठेवणाऱ्याला ४ जीबी मेमरी पुरणार नाही. हेडफोनची खाच नाही. सगळी माहिती कार्डावर असल्यामुळे यंत्र रीतसर बंद न करता तार ओढली तर कार्ड बिघडू शकते. घाईत मी एकदा तसे केले आणि एक कार्ड गमावले, त्यामुळे हा इशारा कळकळीने देते.

बीबीसी मायक्रोशी तुलना आकड्यांत केली तर मेमरी १,३१,०७२ पट झाली आहे आणि गाभ्यामागचा वेग ९०० पट. किंमत मात्र, महागाईचा हिशेब न धरताही, त्या काळच्या किमतीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर आली. या आकड्यांनी मी पूर्वी भारावून जात असे. आता त्यांच्याइतकीच दुसरी एक गोष्ट विचारात घ्यावीशी वाटते: बीबीसी मायक्रोबरोबर येणाऱ्या सुमारे ५०० पानांच्या पुस्तकात बेसिकच्या पहिल्या ओळीपासून यंत्रभाषेपर्यंत आणि मेमरीच्या नकाशापर्यंत सगळे होते, म्हणजे चिकाटीने वाचणाऱ्या मुलाला संपूर्ण यंत्र डोक्यात मावत असे. पाय ४००बद्दल तसे म्हणता येत नाही. त्याच्या प्रोसेसरच्या चिपला जागे करणारा सुरुवातीचा प्रोग्राम बंदिस्त आहे; त्याचा स्रोत खुला नाही. शिकण्यासाठी म्हणून केलेल्या यंत्राच्या बाबतीत ही उणीव लहान मानू नये. ज्या धर्मादाय प्रतिष्ठानाच्या ध्येयातून २०१२ मध्ये ३५ डॉलरचा पहिला पाय आला, त्याचे काम मला मनापासून आदरणीय वाटते, आणि म्हणूनच हे दार त्यांच्या हातून उघडावे अशी इच्छा आहे.

मधल्या काळाचा इतिहास इथे थोडक्यातच सांगते, कारण तो बराचसा सर्वपरिचित आहे. १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून एआरएम ही स्वतंत्र कंपनी काढली. १२ अभियंते आणि केंब्रिजजवळच्या एका खेड्यातले धान्याचे कोठार, एवढा तिचा पसारा होता. कारखाना काढण्याइतके भांडवल नव्हते, म्हणून चिप बनवण्याऐवजी तिचा आराखडा इतरांना परवान्याने देण्याचा मार्ग धरला गेला. मेमरी वाचवण्यासाठी ३२ बिटांच्या आज्ञांची १६ बिटांची आटोपशीर रूपे तयार झाली आणि त्या चिप्स १९९७ च्या नोकिया ६११० सारख्या फोनमध्ये जाऊन बसल्या. पुढचे सगळ्यांच्या खिशात आहे. २०२० हे वर्ष तर या घराण्याच्या दृष्टीने विलक्षणच म्हणावे लागेल. जूनमध्ये एआरएमच्या आज्ञासंचावर चालणारा जपानचा फुगाकू जगातला सर्वांत वेगवान महासंगणक ठरला. नोव्हेंबरात ॲपलने १,६०० कोटी ट्रान्झिस्टरांची एम-१ चिप आणली. आणि त्याच नोव्हेंबरात हा ७० डॉलरचा कीबोर्ड आला. महासंगणक, महागडा लॅपटॉप आणि मुलाच्या हातात देता येईल असे यंत्र, तिन्ही एकाच वंशातले.

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या प्रश्नाकडे येते: पाय ५०० का नाही? २०११ मध्ये एआरएमने ६४ बिटांचा नवा आज्ञासंच जाहीर केला. तो जुन्याचा विस्तार नसून बऱ्याच अंशी नव्याने आखलेला आहे. एखादी अट पूर्ण झाली तरच ही आज्ञा पाळ, असे जवळपास प्रत्येक आज्ञेला सांगता येण्याची विल्सन यांची सुंदर युक्तीही त्यात बहुतांशी उरली नाही. काही वर्षे प्रोसेसरांत जुने आणि नवे दोन्ही संच सुखाने नांदत होते. पाय ४०० मधला कॉर्टेक्स-ए७२ हा गाभा त्या काळातला आहे, म्हणून त्यावर जुन्या संचात लिहिलेली संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच्या बळावर उभी राहते. पाय ५०० मधल्या कॉर्टेक्स-ए७६ मध्ये जुना संच फक्त वरच्या थरातल्या प्रोग्रामांपुरता शिल्लक आहे. ऑपरेटिंग सिस्टीमला ज्या आतल्या थरात राहावे लागते तिथे तो नाही. त्यामुळे आजच्या रूपातली रिस्क ओएस त्यावर थेट चालू शकत नाही. १९८५ ची ती वंशरेषा ज्यावर अखंड चालते, असा या घाटाचा शेवटचा संगणक म्हणजे पाय ४००.

यात अभियंत्यांचा दोष नाही. दोन आज्ञासंच वागवायचे म्हणजे ट्रान्झिस्टर, चाचण्या आणि वीज यांचा दुहेरी खर्च. जुने ओझे टाकून देणे ही एआरएमच्या मूळ वृत्तीशी सुसंगतच गोष्ट आहे, आणि हे पहिल्यांदाच घडते आहे असेही नाही: आर्किमिडीजच्या काळातली मेमरीतल्या जागांचे पत्ते मोजण्याची २६ बिटांची पद्धत अशीच सोडली गेली आणि तेव्हा संपूर्ण रिस्क ओएसची फेरमांडणी करावी लागली होती. तरीही मला वाटते की असा उंबरठा ओलांडला जात असताना कोणीतरी मागे वळून तो नीट पाहावा, शक्य असेल तर हाताने चालवून पाहावा.

कारण पुढचा प्रश्न पुन्हा विजेचाच आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या सुमारे दीड टक्का, आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या आसपास जाईल. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या यंत्रणांचा यात मोठा वाटा असेल. मोठ्या सेवा-कंपन्या आपल्या डेटा सेंटरांसाठी एआरएमच्या आज्ञासंचावरचे प्रोसेसर स्वतः आखून घेत आहेत त्यामागे हेच मोठे कारण आहे. पण चिपने वीज वाचवली आणि प्रोग्रामने ती उधळली, तर हाती काय लागणार? साधा निरोप दाखवण्यासाठी शेकडो मेगाबाइट अडवणारे प्रोग्राम आपण रोज वापरतो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. ३२ केबीत भाषा, चित्रे आणि आवाज बसवणाऱ्या पिढीने मर्यादेकडे कामाची एक बाजू म्हणून पाहिले. ही नजर शिकवायची तर त्यासाठी मर्यादा दिसेल असे यंत्र हवे, आणि माझ्या ओळखीच्या यंत्रांत पाय ४०० हे त्यासाठी सर्वांत सोयीचे आहे.

दुसरी हालचाल बर्कलीतूनच आली आहे. ज्या विद्यापीठातल्या निबंधांनी विल्सन आणि फर्बर यांना वाट दाखवली, तिथेच २०१० मध्ये रिस्क-पाच या आज्ञासंचाचे काम सुरू झाले. तो कोणालाही परवान्याचे पैसे न देता वापरता येतो. रास्पबेरी पायने ऑगस्ट २०२४ मध्ये आणलेल्या आरपी२३५० या लहानशा चिपमध्ये एआरएमचे दोन गाभे आहेत आणि रिस्क-पाचचेही दोन. चालू होताना यांपैकी कोणते वापरायचे ते आपण ठरवायचे. ती चिप असलेली पाटी मी पाय ४०० ला यूएसबीने जोडून एकच छोटा प्रोग्राम दोन्ही प्रकारच्या गाभ्यांवर चालवून पाहिला. दिवा दोन्ही वेळा सारखाच लुकलुकला. आतल्या यंत्रभाषेच्या ओळी शेजारी शेजारी छापून घेतल्यावर मात्र दोन घराण्यांची वळणे स्पष्ट वेगळी दिसली, आणि ते पाहण्यात माझी एक संपूर्ण संध्याकाळ गेली.

ज्यांना घरातला एकमेव, वेगवान संगणक हवा आहे त्यांनी पाय ५०० किंवा दुसरे काही घ्यावे. ज्यांच्या घरी शिकणारे मूल आहे, किंवा ज्यांना स्वतःला संगणक आतून पाहायचा आहे, त्यांनी पाय ४०० घ्यावा आणि तो घेताना कार्डे दोन घ्यावीत: एकावर रोजची ऑपरेटिंग सिस्टीम ठेवावी, दुसऱ्यावर रिस्क ओएस. कार्डे दिसायला अगदी एकसारखी असतात, म्हणून त्यांवर काहीतरी खूण करणे आवश्यक आहे. माझ्या दुसऱ्या कार्डाच्या डबीवर भाचीने जाताना कागद चिकटवून ठेवला आहे. त्यावर तिच्या अक्षरात लिहिले आहे: “मध्य = १९२०, १०८०”.